चौघांची मावशी

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि तो आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीशी अगदी काकुळतीला येऊन बोलत होता.

"मावशींना दोनच मिनिटं भेटायचंय हो. हे त्यांच्या हातात दिलं की निघालो."

"इथे मावशी नावाचं कोणी काम करत नाही," ती म्हणाली, आणि मला डोळ्यांनीच खूण केली. सोडव बाई आता तूच.

मी जेवून परत येत होते. थांबले. टॉवेलातून ताज्या पावाचा वास येत होता. त्याच्या बाहीवर खडूचा पांढरा पट्टा उमटला होता. आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर.

"कोण मावशी?" मी साळसूदपणे विचारलं.

"तुमच्या ओव्हनच्या ग्रुपवर उत्तरं देतात त्या. चष्मा, अंबाडा..."

"ते चित्र आहे."

"कळतं मला. पण चित्रामागे कोणीतरी असेलच ना?"

कोणीतरी नव्हतं. आम्ही चौघं होतो, आणि त्यातली एक मी.

त्याचं असं झालं. आमची कंपनी घरगुती ओव्हन बनवते. पूर्वी तक्रारीसाठी एक फोन नंबर होता आणि त्यावरचं संगीत ऐकत लोक म्हातारे व्हायचे. शेवटी कंटाळून गिऱ्हाइकांनी आपापसातच ऑनलाइन ग्रुप काढला. कोणी पाव बिघडल्याचा फोटो टाकायचा, दहाजण त्याला सावरायचे, आणि खरं सांगायचं तर आमच्या माहितीपुस्तकापेक्षा बरं सावरायचे. वरच्या मजल्यावर वादावादी झाली, हा ग्रुप बंद पाडायचा की काय करायचं? आमच्या मॅडम म्हणाल्या, "बंद कसला पाडता? आपणच तिथे जाऊन बसू. लोकांना कंपनीशी नाही बोलायचं, माणसाशी बोलायचंय." मग माणूस तयार करण्यात आला. मावशी. सकाळी काका, म्हणजे आमचे झुपकेदार मिशांचे इंजिनिअर. दुपारी मी. संध्याकाळी मिठू. सुट्टीच्या दिवशी खुद्द मॅडम. कोणतं उत्तर कोणाचं ते बाहेर सांगायचं नाही हा नियम होता. आतही नाव दिसत नसे, आमच्यात चढाओढ नको म्हणून.

मिठू हे तिचं खरं नाव नाही. तोंड बंद राहत नाही म्हणून पडलेलं. ती आली की खोलीतले दिवे लागल्यासारखं वाटतं. सगळ्यांना आवडते. मलाही आवडायची, तोपर्यंत.

"पोचवते मी," म्हणत मी त्याच्याकडून पाव घेतला आणि सवयीने उलटा करून पाहिला. "खालून करपलाय."

"ग्रुपवर माझं नावच 'करपलेला' आहे," तो म्हणाला आणि हसला.

अच्छा, म्हणजे हाच तो. रोज भर दुपारी काहीतरी बाळबोध प्रश्न विचारून माझं डोकं खाणारा. मीठ आधी घालू की नंतर? पीठ कोमट असावं की पाणी? मला वाटायचं, कोणी रिकामटेकडे आजोबा असतील. हा तर तिशीतला, भूगोल शिकवणारा आणि गालावर पीठ घेऊन फिरणारा निघाला.

मॅडमनी त्याला सोडलं नाही. नवा ओव्हन येणार होता, आणि तो बाजारात जाण्याआधी ग्रुपवरच्या काही लोकांनी येऊन त्यात भाजून बघावं अशी त्यांची टूम होती. बुधवारी त्याची शाळा लवकर सुटे. तो तळमजल्यावरच्या चाचणीच्या खोलीत यायला लागला. त्याच्यासमोर बसून टिपणं काढायचं काम माझ्याकडे आलं. त्या वेळेपुरती वर मावशी म्हणून मिठू बसायची.

"भूगोलाचे मास्तर आणि ओव्हनची डावी-उजवी कळत नाही तुम्हाला?" एकदा मी म्हणाले.

"कळते की. तुमच्या ओव्हनच्या डाव्या कोपऱ्यात वाळवंट आहे. लिहा."

मी लिहिलं. काकांनी मिशीवर बोट फिरवत तपासलं, आणि खरंच त्या कोपऱ्यातली तार बदलावी लागली. त्यानंतर तो आला की मी केस नीट करून खाली जायला लागले. तार बदलण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

"तुम्ही मावशींना ओळखता ना?" तो मधेच विचारायचा.

"नियम आहे. सांगता येत नाही."

"कशा आहेत? एवढं तरी?"

"खाष्ट."

"वाटत नाहीत." मग तो पावाचा तुकडा मोडत म्हणाला, "मी पहिला पाव करपवला ना, तेव्हा त्यांनी लिहिलं होतं. 'टाकू नका. वरचं काळं खरवडा, लोणी लावा आणि ज्याने भाजला त्याच्याशेजारी बसून खा. चव तिथे असते.' पाठ आहे मला."

माझ्या हातातलं पेन थांबलं. ते उत्तर माझं नव्हतं. मी असं काही या जन्मात लिहिलं नसतं. मी लिहिते, 'तापमान किती होतं? कोणत्या खणात ठेवलंत? दार किती वेळा उघडलंत?' पोलीस चौकीत विचारतात तसं. घरी येऊन ते उत्तर शोधलं. संध्याकाळचं होतं. आणि संध्याकाळ म्हणजे मिठू.

झालं. त्या दिवसापासून मिठूने पाण्याचा ग्लास पुढे केला तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मागून आली आणि तिखट झाली, असं मनातल्या मनात किती वेळा म्हणाले असेन. तिला बिचारीला काही पत्ताच नाही. ती आपली माझ्या खुर्चीवर रेलून, "काय गं, तुझा करपलेला आज येणार ना?" माझा कसला? वाक्यं तुझी पाठ आहेत त्याला, आणि विचारतेस मला.

मग मी वेडेपणा केला. मलाही गोड लिहिता येतं, हे दाखवायचं ठरवलं. गुरुवारी दुपारी एका बाईंनी लिहिलं की केक मधोमध बसला. मी झटक्यात उत्तर ठोकलं, 'बसू दे बिचारा, फुगून फुगून दमला असेल.'

बाईंचं लगेच आलं, 'मावशी, उद्या लेकीचा वाढदिवस आहे हो.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याखाली अजून एक ओळ. करपलेला. 'आज मावशींना बरं नाही का?'

तेवढंच. पण असं झोंबलं ते. म्हणजे मिठू नसली की याला लगेच चुकल्यासारखं होतं. मी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि बाईंना माझ्या पद्धतीने एकेक प्रश्न विचारत नवा केक करायला लावला. संध्याकाळी त्यांनी फोटो टाकला. चांगला फुगला होता. मला मात्र तो बघवेना.

त्यातच मॅडमनी बैठक घेतली. ग्रुप फार वाढला होता. मावशी झोपते कधी, असं लोक विचारायला लागले होते. मावशी म्हणजे माणूस नाहीच, उत्तरं बनवणारं यंत्र आहे, असं कोणीतरी ठामपणे लिहिलं होतं आणि त्याला बऱ्याच जणांनी माना डोलावल्या होत्या.

"माणूस वाटावं म्हणून मावशी आणली," मॅडम म्हणाल्या, "आता तिच्यामुळेच आपण यंत्र वाटतोय. सोमवारपासून प्रत्येकाने आपापल्या नावाने लिहायचं. जुन्या उत्तरांखालीही खरी नावं दिसतील."

सगळ्यांनी टेबल वाजवलं. मी सोडून. सोमवारी त्याला दिसणार, ते लोण्याचं उत्तर मिठूचं आणि डोकं खाणारे प्रश्न माझे. मग बुधवारी तो येईल, पण माझ्यासमोर कशाला बसेल?

मधला बुधवार उजाडला. मी टिपणांची वही घेऊन खाली गेले, तर मिठू माझ्याआधीच तिथे. दोघं ओव्हनसमोर वाकून हसत होते. तिने त्याच्या बाहीवरचा खडू झटकला. अगदी सहज. आणि तो झटकू देत होता.

मी तशीच मागे फिरले. थोड्या वेळाने ती चहाला वर आली, तेव्हा माझ्याच्याने राहवेना.

"जा ना खाली. तुझ्यासाठीच येतो तो."

"कोण?" तिने बिस्किट तोंडात तसंच ठेवून विचारलं.

"साळसूदपणा करू नकोस. 'ज्याने भाजला त्याच्याशेजारी बसून खा.' पाठ आहे त्याला."

"ते?" ती माझ्याकडे बघत राहिली. "अगं, ते मी नाही लिहिलं. त्या संध्याकाळी मी दाताच्या डॉक्टरकडे होते. माझ्या जागी..." तिने मान वळवली.

कोपऱ्यात काका चष्मा कपाळावर चढवून ओव्हनचं एक बटण खोलत बसले होते.

"काका, पाव खरवडून लोणी लावायचं उत्तर तुमचं?"

"हो. का, चुकलं का काही?" काका गडबडले. "आमच्या हिने लग्नानंतर पहिला पाव केला तो कोळसा झाला होता. तेव्हा आम्ही तसाच खाल्ला. ते आठवलं, लिहिलं."

मी खुर्चीत बसले. इतके दिवस मी ज्या बाईवर जळत होते तिला झुपकेदार मिशा होत्या आणि घरी सूनही आली होती.

मिठू हसून हसून खाली बसली. मग अचानक गप्प झाली, आणि ती गप्प झाली की समजावं काहीतरी खरं बोलणार. "आणि खाली तो काय विचारत होता माहितीये? तू आज का नाही आलीस. मी म्हटलं, येईल, वेणीफणी चालली असेल. त्यावर हसत होतो आम्ही."

मी खाली गेले. तो एकटाच होता. ओव्हनची काच पिवळी झाली होती आणि खोलीत इतकी ऊब होती की माझे कान तापले. की कान आधीपासूनच तापले होते, कोण जाणे.

"सोमवारी तुम्हाला कळणारच आहे," मी दारातूनच सुरुवात केली, नाहीतर बोलले नसते. "म्हणून आधीच सांगते. ते लोण्याचं उत्तर काकांचं आहे. दुपारची मावशी मी. त्या केकवाल्या बाईंना दुखावणारी पण मीच. मला तसं गोड लिहिता येत नाही. मी नुसती चौकशी करते."

तो काका-काका म्हणत बराच वेळ हसला. मग म्हणाला, "दुपारच्या मावशी तुम्ही, ते माहीत होतं मला."

"कसं?"

"बुधवारी दुपारी मावशी एकदम वेगळीच बोलते. बडबड करते. एरवीची मावशी त्या वेळी कुठे असते, तर..." त्याने माझ्या वहीकडे बोट केलं. "माझ्यासमोर बसून लिहीत असते. दुसऱ्याच आठवड्यात कळलं."

"मग विचारत काय होतात सारखं, मावशी कशा आहेत म्हणून?"

"तुम्ही चिडता ते बघायला."

"आणि पाठ मात्र काकांचं वाक्य?"

"तुमचं तुमच्यासमोर कसं म्हणणार?" आता त्याचे कान लाल झाले. "एवढे लोक सल्ले देतात, पण मी काय केलं हे कोणी विचारत नाही. तुम्ही विचारायचात. आणि मी उत्तर दिलं की त्यावर पुढचा प्रश्न. म्हणजे कोणीतरी वाचत होतं... मधल्या सुट्टीत मी मुद्दाम प्रश्न शोधून विचारायचो. मीठ कधी घालायचं ते मला माहीत होतं हो."

मी वही मिटून छातीशी धरली.

"त्या गुरुवारी तुम्ही काही न विचारता विनोद केलात," तो हळूच म्हणाला, "तेव्हा मला खरंच वाटलं, बरं नाही तुम्हाला. वर्गात नकाशा उलटा लावला मी."

"मला बरं नव्हतंच," मी म्हणाले. "मला मिठूचा मत्सर वाटत होता. तुमच्यामुळे. तुम्ही आवडता मला, म्हणून."

ओव्हनची घंटी वाजली. आम्ही दोघंही जागचे हललो नाही. शेवटी काकाच आत आले, पाव बाहेर काढला आणि आमच्याकडे न बघता निघून गेले.

सोमवारी मावशी गेली. चित्राच्या जागी आमची चार नावं आली. काका म्हणजे मावशी हे कळल्यावर ग्रुपवर दोन दिवस नुसता धुमाकूळ होता. लोकांनी त्यांना मावशोबा केलं. आणि मला कधी नव्हे ती पत्रं यायला लागली. केकवाल्या बाईंचं आलं. आणखी एक होता, एका मोठ्या बेकरीचा मालक. त्याने सगळ्यांसमोर लिहिलं, 'तुमचे प्रश्न फार आवडतात. एकदा प्रत्यक्ष भेटून उत्तरं द्यायची इच्छा आहे. बुधवारी वेळ असेल का?'

मी उत्तर लिहायला घेतलं तोवर खाली ओळ उमटली. भर शाळेच्या वेळात, मधली सुट्टी नसताना.

'बुधवारी त्यांना वेळ नसतो. इतर वारीही नसतो.'

मी ताबडतोब फोन लावला.

"वर्ग चालू असेल ना तुमचा?"

"चाचणी दिलीय मुलांना," तो कुजबुजला. "कोण आहे तो बेकरीवाला?"

"का?"

"असंच."

"असंच नाही. नीट सांगा. छातीत कुठे होतंय? केव्हापासून? त्याचं लिहिलेलं किती वेळा वाचलंत?"

मागे मुलांची कुजबुज.

"सात-आठ वेळा," तो म्हणाला. "फार वाईट वाटतं गं हे."

मला इतकं बरं वाटलं, की त्याला ते सांगायची लाज वाटली. "माहितीये," मी म्हणाले, "मी महिनाभर तेच करत होते. शाळा सुटली की ये. बुधवारची वाट बघू नकोस."