सातातले दोन गुण

"दहापैकी चार? मला?"

ते आठवलं की ती अजून हसते. तेव्हा वर्तमानपत्रं कागदावरच वाचली जायची, आणि ती वृत्त-अभ्यास केंद्रात निवडणुकीच्या बातम्या तपासायची. कुठल्या पक्षाला किती जागा दिली ते फूटपट्टीनं मोजायचं, बातमीदाराच्या पदरची विशेषणं लाल पेन्सिलीनं अधोरेखित करायची, मग त्याला निःपक्षपातीपणाचे गुण द्यायचे. चार मिळालेला तो बातमीदार, गळकी छत्री हातात घेऊन, तणतणत तिच्या टेबलाशी उभा होता.

"बसा," ती म्हणाली. "'अलोट गर्दी' लिहिलंत. मोजली होतीत?"

"डोळ्यांनी पाहिली ना!"

"विरोधकांच्या सभेला डोळे घरी ठेवले होते वाटतं?"

तो असा खळखळून हसला की तीही हसली.

झालं! दर सोमवारी स्वारी हजर. कधी भांडायला, कधी उगाचच. बाहेर पावसाची रिपरिप, आत दोघं एका पानावर वाकलेले.

"आज काय काय लाल?"

"तुमचे कान," ती म्हणायची. "आता कामाचं बोला."

काय दिवस होते ते!

मग त्याच्या संपादकांनी सांगितलं, निवडणुकीच्या शेवटच्या बातमीला सात गुण पडले तर राजधानीची नेमणूक तुझी. तिनं सात दिले. नियमाप्रमाणे दुसरी तपासणी मावशींकडे गेली. त्या केंद्रातल्या सगळ्यांच्या मावशी, पण कामात कुणाच्याच नाहीत.

"अगं, चार ठिकाणी एकाच पक्षाचं कौतुक! ही पाचाची बातमी. तुला दिसलं कसं नाही?"

खरंच दिसलं नव्हतं. तिचं तोंड एवढंसं झालं. सात ठेवावेत तर खोटं, पाच करावेत तर त्याचं स्वप्न मोडायचं... तिनं सात खोडले, पाच लिहिले, आणि स्वतःच त्याच्या कचेरीत गेली. तो जिन्यातच भेटला.

"दोन गुण मी जास्त दिले होते. काढून घेतलेत. राजधानी गेली तुमची."

त्याचा चेहरा पडला. "तुमच्या हातून चूक?"

"मी बातमी वाचतच नव्हते हो... तुमचा आवाज ऐकत होते. असा पक्षपात मी जन्मात कुणासाठी केला नव्हता."

तो जिना चढून गेला.

आठ दिवस फिरकला नाही. तिनं आशा सोडली, चुकून दाराकडे बघायचं तेवढं सुटेना. नवव्या दिवशी आला तो थेट मावशींसमोर.

"माझ्या बातम्या यापुढे तुम्हीच तपासा. हिच्याकडे देऊ नका."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"एवढा राग धरलास, बाबा?" मावशी म्हणाल्या.

"राग होता, चार दिवस. आता नाही," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "पण नवऱ्याच्या बातम्या बायकोनं तपासलेल्या चालतात का तुमच्या नियमात?"