नाण्याएवढं दिसायचं त्याला

पहिल्याच दिवशी तो माझ्या ट्रायपॉडला अडखळला. कॅमेरा मी कसाबसा झेलला.

"अहो, दिसत नाही का?" मी ओरडले.

"थोडंसं दिसतं," तो हसून म्हणाला. "आत्ता तुमचा फक्त डावा कान दिसतोय. झुमका छान आहे."

मला वाटलं, आगाऊ आहे!

तो प्रफुल्ल. गंगापूर रोडवरच्या एका ट्रस्टचा जुन्या नाण्यांचा आणि पदकांचा संग्रह सांभाळायचा. मी निकिता, निफाडची. त्या संग्रहाचं पुस्तक निघणार होतं, त्याचे फोटो काढायला आले होते. चौथ्या दिवशी तिथल्या उज्ज्वलाताईंनी सांगितलं... त्याच्या नजरेचा घेर दर वर्षी आवळत चाललाय. आता समोरचं नाण्याएवढंच दिसतं. तेही फार दिवस राहणार नाही.

मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. मी माफी मागायला गेले, तर म्हणाला, "आज टिकली दिसतेय. कान बरा होता."

मग रोजचंच झालं ते. "आज काय?" "आज हनुवटी." मी लाजले की म्हणायचा, "हलू नका, हरवता तुम्ही!"

नाणी मात्र त्याला पुरती दिसायची. "हा नहपान राजा. नाक बघा केवढं! आणि हा वर सातकर्णीचा ठसा. आधी नहपानाला हरवलं, मग त्याच्याच नाण्यांवर आपला शिक्का मारला." महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर शिपायांची नावं कोरलेली असत. ती तो डोळे मिटून, नखाने चाचपून वाचायचा. सराव करत होता... पुढच्यासाठी.

शेवटच्या पदकाचा फोटो झाला, त्या दुपारी मीच बोलले.

"घरी माझ्यासाठी स्थळं बघतायत. तुमचं नाव सांगू?"

त्याने मला खिडकीशी, उजेडात उभं केलं. कपाळ... भुवई... चमकी... ओठ... तुकड्या-तुकड्याने बघत राहिला. मी जराही हलले नाही.

"तू मला एकदम सगळी कधी दिसलीच नाहीस, निकिता." पहिल्यांदाच तू म्हणाला. "पुढच्या वर्षी एवढीही दिसणार नाहीस."

"मी सांगेन ना, कशी दिसते ते."

"रोज?"

"रोज."

"मला खूप आवडतेस तू. पण तुझा हात मला रस्ता ओलांडायला धरायचा नाहीये. नोकरी सोडलीय मी. सोमवारी मनमाडला जातोय, बहिणीकडे. सोडायला येऊ नकोस. माझा पाय निघणार नाही."

मी भांडले, रडले. त्याने सगळं ऐकून घेतलं. बदलला नाही.

सोमवारी मी गेलेच. ठक्कर बाजारच्या एसटी स्टँडवर त्याच्यापासून दोन हातांवर उभी राहिले. त्याने मान वळवली... नजर माझ्या खांद्यावरून पुढे गेली. थांबली नाही. मी एक शब्द बोलले असते तर! पण येऊ नकोस, एवढं एकच त्याने माझ्याकडे मागितलं होतं; आलेय हे निदान त्याला कळू द्यायचं नव्हतं.

मनमाडची गाडी लागली. तो पायाने पायरी शोधू लागला, तेव्हा कंडक्टरने दंड धरून त्याला वर घेतलं.

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही," प्रफुल्ल म्हणाला. "एकटाच आहे."

मी ओढणी तोंडात कोंबली. तो खिडकीशी बसला, बाहेर बघितलं... अगदी माझ्याच दिशेने... आणि गाडी सुटली.