गोदामातले शिपाई

यातलं मी काहीही रचलेलं नाही.

माझ्या आईने, ताराबाईने, ही हकीकत मला अनेकदा सांगितली. दर वेळी तशीच. तेच शब्द, आणि त्याच जागी तिचं तेच थांबणं.

अशा गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

साल १९५४. वैशाख. गाव बल्लारपूर, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातलं. माझे वडील गुणवंतराव एका लाकडाच्या डेपोवर देखरेख करत. गावाबाहेर डेपोचं क्वार्टर होतं. पुढे सागाच्या ओंडक्यांचे ढीग, मागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला जळणाची खोली. शेजारी एकच घर होतं, इस्तारीकाकांचं. ते वर्धा नदीत मासे धरायचे.

घरात तिघं जण होती. बाबा, आई आणि आईचा मोठा भाऊ, नानाजीमामा.

मामा लढाईतून परत आलेला माणूस. फौजेत रूळ दुरुस्त करणाऱ्या तुकडीत तो ब्रह्मदेशात होता. परत आला तेव्हा अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

पण मूल गावच्या बाजारात कुणी शेजारी बिडी पेटवायला काडी ओढली, तर मामाने त्या माणसाचा गळा धरला. चौघांनी सोडवला. घरी चुलीतलं लाकूड फुटून आवाज झाला की तो बायकोला खाली पाडून तिच्या अंगावर पडायचा. तिला वाचवायला! एकदा तिचा दात पडला. ती माहेरी गेली, ती परत आलीच नाही.

मग आईने त्याला आपल्याकडे आणलं.

त्याच सुमारास कोळसा खाणीतला एक गोरा साहेब कायमचा विलायतेला गेला. जाताना त्याने सामान वाटून टाकलं. बाबांच्या वाट्याला एक लाकडी पेटी आली. तिच्यात खेळण्यातल्या आगगाडीचं गाव होतं, पत्र्याचं. स्टेशन, सिग्नलची केबिन, मालाचं गोदाम, पाण्याची टाकी. विटा रंगवलेल्या, घड्याळ रंगवलेलं. गाडी मात्र नव्हती. तिच्याऐवजी शिशाच्या शिपायांनी भरलेला डबा होता.

मामाने गोदाम हातात घेतलं... आणि हसला.

आई म्हणायची, "लढाईवरून आल्यापासून त्याले हसताना मी पयल्यांदा पाह्यलं."

मग रोज दुपारी, जेवणं झाली की पुढच्या खोलीत मामा आणि बाबांची लढाई सुरू व्हायची. टेबलावर आरागिरणीचा भुसा पसरून मैदान करायचं. तुरीच्या काड्या खोचून जंगल. मधे ते स्टेशन. गाठी मारलेल्या दोरीने अंतर मोजून शिपाई पुढे सरकवायचे आणि कोण मेलं ते फाशांवर ठरवायचं. शिपाई दारापेक्षा उंच होते, म्हणून गोदामाचं छप्पर उचलून त्यांना आत ठेवावं लागे.

मामा सुधारला. रात्रभर झोपू लागला. आईला वाटलं, भाऊ परत मिळाला.

एके दिवशी बाबा जेवून आले तर टेबलावरची मांडणी बदललेली. स्टेशन एका बाजूला, गोदाम त्याच्यामागे, केबिन समोर.

"हे कुठलं स्टेशन नानाजीभाऊ?"

"तिकडलं," मामा म्हणाला. "आमचे लोक गोदामात झोपले होते. धानोऱ्याचा लटारू बी होता त्यायच्यात. जपान्यायनं बाहेरून कडी लावली अन् आग देली."

"अन् तुमी?"

"मी केबिनमदी होतो, पहाऱ्यावर. बंदूक होती. गोळ्या बी होत्या..."

त्याने गोदामाचं छप्पर उचलून शिपाई आत ठेवले.

"जवाईबापू, तुमी जपानी व्हा," मामा म्हणाला. "आज मी त्यायले बाहेर काढतो."

त्या दिवशी फासे मामाच्या विरुद्ध पडले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. रोज तीच लढाई आणि रोज गोदाम पडायचं. मामाचे डोळे पुन्हा लाल दिसू लागले.

आणि मग...

आई सकाळी केर काढायला गेली. गोदामाचं छप्पर बाजूला पडलेलं. आतले शिपाई रात्री आडवे ठेवले होते, ते सगळे उभे होते.

सगळ्यांची तोंडं केबिनकडे.

आईला वाटलं, भावाचंच काम. तिने छप्पर लावायला गोदामाला हात लावला...

पत्रा तापलेला होता. खोलीत ऊन नव्हतं. चूलही पेटलेली नव्हती.

तिने पदराने धरून छप्पर घट्ट बसवलं आणि वळली.

टक...

टक... टक...

आतून.

ती पळत अंगणात आली. संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं, "तो खेळ बंद करा. मले भेव लागते."

बाबा म्हणाले, "एक डाव त्याले जिंकू देतो. मंग मन शांत होईल त्याचं."

बाबांच्या मनात दयाच होती. दुसऱ्या दिवशी शेवटच्या फाशाला सहा हवे होते. पडला एक. मामाने भीतीने डोळे मिटले होते. बाबांनी बोटाने फासा उलटवला.

"सहा! सुटले तुमचे लोक!"

मामाने डोळे उघडले. छप्पर उचललं. एकेक शिपाई बाहेर काढून भुशावर ठेवला. आणि लहान मुलासारखा रडला. रात्री तो पोटभर भात जेवला आणि घोरत झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा डेपोवर होते. लूचा गरम वारा सुटला होता. आई अंगणात भांडी घासत होती.

पुढच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. पुरुषांचं. बऱ्याच जणांचं.

आईला वाटलं, डेपोतले मजूर आले असतील. ती पाणी घेऊन गेली. दाराशीच थांबली, कारण एक आवाज मोठा झाला होता.

"नानाजी... तू पाहून राह्यला होतास ना?"

आईने आत डोकावलं.

खोलीत मामा एकटा होता. भिंतीला पाठ लावून उभा.

"लटारू," तो हळूच म्हणाला, "माहा हात उचललाच नाई रे. मी मेलो असतो."

फाड्!

मामाची मान एका बाजूला वळली. गालावर बोटं उमटली. मारणारं कुणीच नव्हतं.

मग सगळीकडून सुरू झालं. पोटात, छातीत, तोंडावर. आई म्हणायची, बुक्क्यांचा आवाज ओलं कापड आपटल्यासारखा यायचा. मामाचं नाक फुटलं. ओठ फाटला. रक्त भिंतीवर उडालं, टेबलावरच्या भुशात पडलं. त्याने हात जोडले, तर ते हात कुणीतरी मागे ओढले... आणि एका हाताचं हाड कडकन मोडलं.

आईने दाराशी टेकवलेलं मुसळ उचललं आणि हवेत घातलं. जोरात. वेड्यासारखं.

मुसळ लागलं.

कशाला लागलं ते तिला दिसलं नाही. पण काहीतरी मऊ होतं आणि त्यातून कण्हल्याचा आवाज आला. जळक्या केसांचा वास तिच्या तोंडावर आला.

पुढच्या क्षणी ती भिंतीवर आपटली. खांद्याचं हाड तुटलं. तिथूनच तिने पाहिलं... मामाला अंगणातून ओढत नेत होते. त्याच्या टाचांच्या दोन रेघा धुळीत उमटत होत्या. पुढे, बाजूने, मागे धूळ उडत होती. बऱ्याच पायांची.

जळणाच्या खोलीचं दार उघडलं. मामा आत गेला. दार लागलं.

आणि आतून त्याची किंकाळी आली.

इस्तारीकाका कुंपणावरून उडी मारून आले. हातात कुऱ्हाड. त्यांनी आधी दार लोटून पाहिलं.

"बाहेरून कडी नाई बाई! अंदरून कोनतरी दार दाबून राह्यलं!"

"तोडा भाऊ! तोडा!"

काकांनी घाव घातले. फळीत भोक पडलं की पलीकडून दार आणखी जोरात दाबलं जायचं. काका पूर्ण ताकदीचे माणूस, भरलेलं जाळं एकट्याने ओढायचे. ते मागे फेकले गेले.

"एक जन नाई, बाई! लय हायेत अंदर!"

आतली किंकाळी थांबली. दारावरचा जोर एकाएकी गेला आणि दार आपोआप उघडलं.

आत आग नव्हती.

धूर नव्हता. सरपण जसंच्या तसं. वाळलेल्या काटक्यांना ठिणगीसुद्धा लागलेली नव्हती.

मामा मधोमध पडला होता. धोतर पांढरं, बंडी पांढरी, रक्ताचे डाग सोडले तर सगळं धड.

बंडीच्या आत अंग कोळशासारखं जळालेलं.

अजून जीव होता. आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचे ओठ हलले.

"तारा... त्यायले पाणी दे."

एवढंच. मग गेला.

पोलीस आले. भाजून मृत्यू, असं लिहून गेले. कपडे का जळले नाहीत, हे त्यांनी विचारलं नाही. त्याच संध्याकाळी बाबांनी ती पेटी उचलली, टेबलावरचं सगळं भुशासकट तिच्यात लोटलं आणि नदीत टाकून आले. बाहेर काढलेले शिपाई त्यात होते की नाही, हे बाबांना आठवत नव्हतं. त्यांनी पाहिलंच नव्हतं.

मामा वाळलेल्या अंगाचा. पण तिरडी उचलली तेव्हा चौघांचे गुडघे वाकले. डेपोतले मजूर होते ते, ओंडके वाहणारे. घाटापर्यंत पुन्हा पुन्हा खांदे बदलावे लागले.

तिसऱ्या दिवशी बाबा आणि इस्तारीकाका राख सावडायला गेले.

काका बसून अस्थी वेचत होते. वेचता वेचता त्यांचा हात थांबला. त्यांनी राख आणखी बाजूला सारली.

"भाऊ..." काका म्हणाले. "हे एका मानसाचं नाई."

बाबा वाकले. पाहिलं.

मग म्हणाले, "सगळं घे इस्तारी. एक बी इथी ठेवू नोको."

दोघांनी सगळं वर्धेत सोडलं. किती होते, ते बाबांनी आईला मरेपर्यंत सांगितलं नाही.

मी खूप वर्षांनी आईला एकच विचारलं होतं. ज्यांनी मामाला मारलं, त्यांच्याबद्दल तिला काय वाटतं?

आईचा मोडलेला खांदा कधीच सरळ बसला नाही. तो तिने दुसऱ्या हाताने दाबला.

"मले त्यायचा राग नाई येत रे," ती म्हणाली. "सख्खा भाऊ मारला माहा... तरी नाई येत."

मग तिने उघड्या दाराकडे पाहिलं. बाहेर भर दुपार होती.

"राग नाई येत, त्याचंच मले भेव वाटते."