सदतिसाची रेषा

एकोणीसशे एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात मी निफाडकडच्या द्राक्षबागांचा तापमानाचा नकाशा करत होतो. आदल्या वर्षी थंडीने बऱ्याच बागा करपल्या होत्या. गार हवा नेमकी कुठे साचते, हे बागायतदारांना हवं होतं. मी नाशिकला कॉलेजात भूगोल शिकवायचो, गंगापूर रोडला राहायचो. बागाबागांतून तापमापक टांगले आणि पहाटेचं तापमान सारखं असलेल्या जागा जोडत समताप रेषा काढल्या. ओढ्यालगत त्या वाकत, सखल भागात एकमेकींजवळ येत. सगळं पुस्तकातल्यासारखं.

तानुबाईंच्या बागेतला आकडा मात्र जुळेना. भोवती सहा-सात अंश आणि तिथे सदतीस.

तापमापक बिघडला असणार, म्हणून नवा घेऊन मोटारसायकलवर गेलो. उजाडत होतं. तानुबाई मांडवाखाली माझी वाट बघत होत्या. त्यांचा नवरा निवृत्ती दोन वर्षांपूर्वी अशाच पहाटे बागेला पाणी द्यायला निघाला होता, तो परतला नव्हता. लोकांनी शोध सोडला होता. तानुबाईंनी कुंकू सोडलं नव्हतं.

मी तापमापक वीतभर सरकवत गेलो. ऊब जमिनीलगतच्या हवेत होती. रेषा काढली तेव्हा तिची दोन्ही टोकं जुळून ती मिटली. लांबट, माणसाने आडवं व्हावं एवढी.

"सदतीस," मी वाचलं.

"म्हंजे ताप नाय," तानुबाई म्हणाल्या.

त्यांना विचारून मी तिथे कमरेएवढं खणलं. काळी माती, मुळं, खाली मुरूम. खड्डा गार होता. बुजवल्यावर ऊब पुन्हा तिथेच.

पुढच्या आठवड्यात पारा चाळिसावर गेला. तानुबाई उकिडव्या बसून पाण्यात फडकं भिजवत होत्या, पिळून जमिनीवर पसरत होत्या.

"सर, डॉक्टर आणता का?"

"कुणासाठी?"

त्यांनी फडकं उलटलं.

त्यानंतरच्या खेपेला पारा माझ्यासमोर उतरला. पंधरा. बारा. नऊ.

भोवतालच्या हवेइतका झाला आणि थांबला.

तानुबाईंनी पदराने कुंकू पुसलं. रडल्या नाहीत.

नकाशावरच्या रेषा आता त्या बागेतून सरळ गेल्या. हंगामाच्या शेवटी तापमापक काढून घ्यायला गेलो, तर तानुबाई अंगणात उभ्या होत्या. कडाक्याची पहाट होती. माझ्या शब्दाशब्दाला तोंडातून वाफ निघत होती.

"कशा आहात?" मी विचारलं.

"बरी हे. या सालाला थंडी कशी ती वाजलीच नाय बघा."

मग त्या बागेबद्दल, छाटणीबद्दल बराच वेळ बोलत राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

वाफ निघत नव्हती.