दुसऱ्या भागातली चूक

मध्यंतर झालं, आणि चहाच्या रांगेत अपूर्वाच्या पुढे… तोच उभा होता!

दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या याच थिएटरात, आजच्या सिनेमाच्या पहिल्या भागाला, तो तिच्या शेजारच्या खुर्चीत होता. उडणाऱ्या सुपरहिरोच्या चुका काढताना दोघं इतकी रंगली, की मागून कुणीतरी "गप बसा की!" म्हणून ओरडलं. मग ती जयसिंगपूरची एसटी धरायला पळाली. नाव विचारायचं राहिलं, ते राहिलंच. त्याची रुखरुख अजून होती. आणि आज संध्याकाळी तर सांगलीच्या स्थळाला होकार की नकार, ते आईला सांगायचं होतं.

चहा घेऊन वळताना त्याने तिला पाहिलं. हातातला चहा सांडता सांडता वाचला.

"बघा की!" ती एकदम तणतणली. राग सिनेमावरच आहे, असं निदान दाखवायला हवं होतं. "पहिल्या भागात शक्ती समुद्रात बुडवली, मग आता उडतोय कसा? आणि जिच्यासाठी बुडवली, तिलाच विसरला! असं कुठं असतंय व्हय?"

"विसरला न्हाय हो," तो घाईघाईने म्हणाला. "शेवटी आठवतंय त्याला. पुलावर ती दिसली, की…"

"शेवट अजून व्हायचाय. तुम्हाला कसं कळलं?"

त्याचे कान लालेलाल झाले.

"पहिल्या दिवसापासून रोज येतोय," तो म्हणाला. "दुपारच्याच खेळाला. दिवस मावळायच्या आत जेवायचं असतंय, म्हणून संध्याकाळचा खेळ बघत न्हाय, असं म्हणालेला तुम्ही… आम्हीबी जैनच. म्हटलं, आला तर दुपारीच येणार."

"माझ्यासाठी?"

"मग काय त्या उडणाऱ्यासाठी? एवढा भिकार सिनेमा रोज कोण बघंल?"

अपूर्वाला हसू आवरेना. इतका आनंद तिला कित्येक दिवसांत झाला नव्हता. तिने तिथेच, रांगेतून बाजूला होत, आईला फोन लावला.

"आई, सांगलीला न्हाय म्हणून कळव… व्हय, हाय एकजण. आपल्यातलाच हाय."

"अगं, पण नाव काय त्याचं?" आईचा आवाज चढला.

अपूर्वा गडबडली. फोनवर हात ठेवून तिने विचारलं, "नाव काय हो तुमचं?"

"पारस! कुरुंदवाडचा!"

हे त्याने इतक्या मोठ्यांदा सांगितलं, की आईला परत सांगायची गरजच पडली नाही.