ऐकीव, पाहिलेलं, तपासलेलं

चार वर्षं कुलपांचा इतिहास लिहिणाऱ्या बाईने स्वतःच्याच दाराबाहेर अडकावं, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याने बादलीत बुडावं, तसंच झालं.

बादली तर तिच्या हातातच होती. कचऱ्याची. ती खाली रिकामी करून लेखिका वर आली, तोवर वाऱ्याने दार धाडकन लागलेलं. पायांत दोन जोडांतल्या दोन चपला, केसांत खोचलेली पेन्सिल... आणि किल्ली? किल्ली आत, टेबलावर, सातव्या प्रकरणाच्या डोक्यावर. कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली!

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कोणीतरी शीळ घालत उतरलं. खांद्याला कातडी पिशवी, बाहीवर तेलाचा डाग, आणि डोळे असे हसरे, की माणूस गंभीर असला तरी कुणाचा विश्वास बसू नये.

"अडकलात?"

"नाही. विचार करतेय."

"बादली घेऊन?"

तिने बादली पाठीमागे लपवली. जशी काही ती लपणार होती!

"मी कुलूपवाला. वरच्या आजींचं कपाट उघडून आलोय. उघडू?"

"या जातीचं कुलूप किल्लीशिवाय उघडायला जाणकारालाही वीस मिनिटं लागतात," लेखिका म्हणाली. छापील आवाजात. सातव्या प्रकरणात तिने अगदी हेच लिहिलं होतं.

"हो का?" म्हणत तो गुडघ्यांवर बसला. पिशवीतून दोन बारीक तारा काढल्या, कान दाराला लावला आणि डोळे मिटले. बोटं इतकी हळुवार चालत होती, की जणू कुणाच्या केसांतला गुंता सोडवतोय... दुखू न देता. टिक्. टिक्. जरा थांबून पुन्हा टिक्... खट्!

"किती झाले?"

"पन्नास सेकंद," ती पडलेल्या आवाजात म्हणाली. मोजायची सवयच होती तिला.

"आज उशीर झाला म्हणायचा. कुणी असं टक लावून बघत असलं, की बोटं अडखळतात हो."

लेखिकेचे कान लाल झाले. पण काळजाचा ठोका चुकला तो निराळ्याच कारणाने. निदान तिने स्वतःला तरी तसंच सांगितलं. सातवं प्रकरण चुकलं होतं!

"आत या! चहा घेणार? नको, आधी सांगा, कसं उघडलंत? थांबा, आधी लिहून घेते..."

आत टेबलावर बुटांची तीन जुनी खोकी ओळीने मांडलेली. पहिल्यावर चिठ्ठी 'ऐकीव', दुसऱ्यावर 'पाहिलेलं', तिसऱ्यावर 'तपासलेलं'. खोक्यांत हाताच्या पंजाएवढ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या. एका पट्टीवर एकच माहिती, खाली ती सांगणाऱ्याचा पत्ता. कानावर आलेलं पहिल्या खोक्यात पडायचं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की दुसऱ्यात. दोन माणसांनी वेगवेगळं सांगून एकच निघालं, तर तिसऱ्यात. आणि फक्त तिसऱ्यातलं पुस्तकात जायचं! ऐकीव पट्टी आठ दिवसांत तपासली नाही, तर फाडायची. असा कडक कायदा.

"मग ते वीस मिनिटांचं कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"कुलूप बनवणाऱ्यांचं जुनं माहितीपत्रक. आणि त्यांच्याच दुकानदाराने दुजोरा दिला."

"अरे वा! म्हणजे नवरदेवाचे गुण विचारायचे, तेही त्याच्या आईला आणि मावशीला."

ती हसली. दाबायचा प्रयत्न केला, पण नाकातून निसटलंच. नेमकी तेव्हाच आत्या भाजीची पिशवी सांभाळत दारात उभी. आत्या म्हणजे लेखिकेच्या बाबांची थोरली बहीण, तिच्याच घरात राहणारी, आणि शहाण्याला दुरूनच ओळखणारी.

"किल्ली माझ्याकडे होती की गं! दहा मिनिटं थांबायचं ना," आत्या म्हणाली. मग कुलूपवाल्याकडे बघितलं, भाचीच्या लाल कानांकडे बघितलं, आणि म्हणाली, "बरं झालं नाही थांबलीस. चहा मी टाकते."

* * *

मग दर बुधवारी दुपारी तो यायला लागला. पिशवीतून एकेक कुलूप निघायचं, टेबलावर पोट उघडं करून पडायचं. आतल्या कमानी, खिट्ट्या, स्प्रिंगा तो बोटाने दाखवायचा आणि ती लिहायची. पेन्सिलीचा भुसा आणि तेलाचा वास एकमेकांत मिसळायचा.

"लिहिताना जीभ बाहेर काढता तुम्ही," एकदा तो म्हणाला.

"ऐकीव आहे."

"छे, पाहिलेलं. पाच बुधवार!"

सातवं प्रकरण दोनच बुधवारात दुरुस्त झालं होतं. पण... गंमत तिथेच होती! जन्मात एक वाक्य कल्पनेने न लिहिलेली ही बाई आता प्रश्न मनाने रचायला लागली. "कुलूप थंडीत आकसतं का हो?" "डावखुऱ्या माणसासाठी वेगळी किल्ली असते का?" तो भाबडेपणाने उत्तरं द्यायचा. भाबडेपणाने की कसं, कोण जाणे!

सकाळी सहा ते अकरा लिहायचं, चहा थंड करून प्यायचा, पान संपलं की खिडकीपर्यंत तीन चकरा मारायच्या, हा तिचा वर्षांनुवर्षांचा नेम. आता चकरा सात झाल्या. बुधवारी तर मोजदादच नाही.

"झिजेल गं फरशी," आत्या म्हणायची. "त्याला विचार, फरशीही दुरुस्त करतो का."

"आत्या, तो माहिती द्यायला येतो."

"हो ना! माहितीच की. आत्तापर्यंत त्याची आई, त्याचं बालपण, त्याला कारलं आवडत नाही... सगळी कुलपांची माहिती."

मग संपादकांचा फोन आला. "दोन आठवड्यांनी, सोमवारी, पुस्तक हातात हवं. नाहीतर तुमच्या दारात सतरंजी टाकून बसेन."

त्या बुधवारी लेखिकेने हे सांगितलं, तेव्हा कुलूपवाला हातातली स्प्रिंग बराच वेळ दाबत राहिला.

"म्हणजे संपलं पुस्तक... मग माझं काय? म्हणजे... माझ्या माहितीचं?"

सांगायचं होतं तिला खूप. पण सवयीने तोंडातून निघालं ते छापीलच — "मदत करणाऱ्या सगळ्यांचे मी शेवटच्या पानावर आभार मानते."

"हं," तो म्हणाला. "शेवटचं पान." स्प्रिंग पिशवीत टाकली. चहाही अर्धाच प्यायला.

पुढच्या बुधवारी तो आला नाही.

* * *

शुक्रवारी खोकी आवरताना पहिल्या खोक्यात एक अनोळखी पट्टी सापडली. निळी शाई, कोंबडीने पाय आपटल्यासारखं अक्षर, ओळभर शाई पसरलेली.

'कुलूपवाल्याला लेखिका फार आवडते. सांगणाऱ्याचा पत्ता: खात्रीलायक, पण गुप्त.'

तिने तीनदा वाचलं. मग खुर्चीवर बसली. मग उठली. त्याचं अक्षर तिने कधी पाहिलंच नव्हतं, लिहायची तर कायम तीच. त्यानेच ठेवली असेल! कधी? शेवटच्या बुधवारी? ती चहा आणायला गेली तेव्हा? आणि त्यानंतर तिने त्याला शेवटचं पान दाखवलं...!

आता करायचं काय? फाडायची की तपासायची? आणि तपासायची तर तिचा नेम ठरलेला — फोनवर विचारायचं नाही, माणसाच्या जागी जाऊन त्याच्या तोंडावर विचारायचं.

ती तशीच निघाली. चपला या वेळी एकाच जोडातल्या होत्या. केवढी ती प्रगती!

त्याचं दुकान म्हणजे दोन हात रुंद जागा, भिंतभर किल्ल्या. तो कानशीने किल्ली घासत होता. तिने पट्टी पुढे धरली.

"हे... तपासायला आलेय. तुम्ही लिहिलंत?"

त्याने पट्टी उजेडात धरली. वाचली. एकदम मान खाली घातली.

"नाही."

तिने पट्टी ओढून घेतली. "बरं. फाडते मग. चूक झाली, माफ..."

"अहो, ऐका! अक्षर माझं नाही. शाई बघा, ओळभर पसरलीये. डाव्या हाताने लिहिलं की हात ओल्या शाईवरूनच जातो. मी उजवा."

लेखिकेच्या डोळ्यांसमोर लख्ख चित्र आलं... आज सकाळी चहा देणारा आत्याचा हात. डावा. करंगळीपासून मनगटापर्यंत निळा! आत्या उजव्या हाताने लिहिते. पण लबाडीसाठी...

"आत्या!" ती पुटपुटली. जमिनीने पोटात घ्यावं तर बरं, असं झालं तिला.

"अक्षर माझं नाही," तो पुन्हा म्हणाला. आता डोळे वर होते, पण हसरे नव्हते. पहिल्यांदाच. "पण... माहिती बरोबर आहे."

भिंतीवरच्या किल्ल्या वाऱ्याने किणकिणल्या.

"दोन माणसं लागतात," ती कशीबशी म्हणाली. "एक आत्या..."

"दुसरा मी. पण मला शेवटच्या पानावर राहायचं नाहीये. चालेल?"

तिने केसांतली पेन्सिल काढली आणि पट्टीच्या मागे लिहिलं — 'लेखिकेलाही कुलूपवाला.' मग त्याच्याकडे सरकवली. जीभ बाहेर होती, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"हे कुठल्या खोक्यात?" त्याने हळूच विचारलं.

"थेट तिसऱ्या."

"तपासायचं नाही?"

"अडीच महिने झाले तपासतेय, वेड्या!"

तुम्हीचा तू कधी झाला, ते दोघांनाही कळलं नाही.

घरी आले, तर दार बंद. तिने खिसे चाचपले. किल्ली? टेबलावर. सातव्या प्रकरणाच्या डोक्यावर! दाराआड आत्या उभी होती, हातात स्वतःची किल्ली घेऊन, तोंडावर पदर दाबून. पण हे त्यांना काय माहीत.

तो गुडघ्यांवर बसला, तारा काढल्या. "पन्नास सेकंद?"

लेखिका पायरीवर त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली.

"नको," ती म्हणाली. "सातव्या प्रकरणात आधी वीस मिनिटं लिहिलं होतं मी. खोटं पाडू नकोस."

बरोबर वीस मिनिटं लागली. सोमवारी पुस्तक गेलं, तेव्हा सातव्या प्रकरणाखाली बारीक अक्षरात एक तळटीप होती — 'हे कुलूप जाणकार पन्नास सेकंदांत उघडतो. क्वचित वीस मिनिटंही लागतात. तपासलेलं.'