मोहोळ उठल्यावर

गंगाखेडच्या खाली, गोदागंगेच्या वाळूत आमची टरबुजाची वाडी. मी वेलांना पाणी घालत होते, तर समोर हा उभा! मेंढरं घेऊन उतरलेला बिरू. हातात पळसाचा द्रोण, एक गाल माशा चावून टम्म सुजलेला.

"करंजावरचं मोहोळ काढलं... तुझ्यासाठी."

नाव ना ओळख, आणि म्हणे तुझ्यासाठी! मला हसू आवरेना. मध मात्र बोटानं चाटूनपुसून खाल्ला. मग तो रोजच मेंढरं पाजायच्या निमित्तानं यायचा, आणि मला रोजच हसू यायचं. त्याची आई धुरपताबाई सोमवारी मागणी घालायला येणार, असंही ठरलं.

आणि इकडं वाडीला काय झालं कोण जाणे! फुलं उदंड, पण फुलांच्या बुडच्या इवल्या गोळ्या पिवळ्या पडून गळायला लागल्या. नजर लागली म्हणून माझ्या वडलांनी, आबांनी, बिब्बा टांगला. मी कान देऊन ऐकलं... वाडीत गुणगुण नव्हती. एक माशी फिरकत नव्हती! करंजावरचं मोहोळ उठलं, तिथंच माशा गेल्या होत्या. आबांना मोहोळाचं कळलं तर ते कसली पोरगी देतात?

बिरूला सांगितलं, तर त्याचा चेहराच उतरला. मग त्यानं बिनगोळीचं फूल खुडलं, पाकळ्या मागं सारल्या आणि गोळीच्या फुलात हळूच फिरवलं.

"माशी हेच करती ना?"

"करती. पर ती दमत न्हाई."

"तू जवळ असल्यावर मी तरी कशाला दमतो?"

त्या साली रझाकारांची धास्ती. उजाडताच घराबाहेर पडायचं जिवावर यायचं, तरी आम्ही वेलांवर वाकलेलो. हाताला हात लागायचा... आणि मी दचकून खोपीकडं बघायची. हळूहळू काही गोळ्या धरल्या, माना खाली वळवून फुगायला लागल्या. तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

रविवारी मागं वळून पाहते, तर आबा. मी बिरूला खुणावलं, गप बसा म्हणून. पण तो उठलाच.

"लिंबाजीमामा, मोहोळ मी काढलं. मनकर्णाला मध द्यायला. उद्या आई यायली, त्याच्या आधी तुमाला ठावं असावं."

आबांची नजर गळालेल्या गोळ्यांवर गेली.  मला कुठून बळ आलं देव जाणे—

"आबा, वाडी गेली तरी चालंल. पर मला ह्यांनाच द्या."

बोलले आणि पुन्हा वेलावर वाकले.

आबा वाकून धरलेल्या गोळ्या बघत राहिले. "वाडी गेली तरी चालंल म्हणं," असं स्वतःशीच पुटपुटले. मग बिरूकडं न बघताच म्हणाले, "पल्याडचे वेल राहिलेत. ऊन चढायच्या आत उरक. आन् आईला सांग... उद्या जेवूनच जायचं."